व्हॅलेंटाइन डेला वाइन द्यायचीय? नाशिकमधून एक सडेतोड रिव्ह्यू

फेब्रुवारी लागला की मला मेसेज यायला लागतात. मामेभाऊ, नणंदेचा नवरा, ऑफिसमधली नवी पोरं, सगळ्यांचा प्रश्न तोच, तू नाशिकची ना, मग सांग कुठली वाइन घेऊ, बजेट हजार-दीड हजार, आणि हो, रेडच सांग हां, व्हॅलेंटाइन आहे. त्या सगळ्यांना वेगवेगळं टाइप करून कंटाळा आला म्हणून एकदाच लिहून टाकते. खालच्या सगळ्या बाटल्या माझ्या पैशाने घेतलेल्या किंवा कुणी दिलेल्या आहेत, कुठल्याही वायनरीशी माझा संबंध नाही, द्राक्षबाग नाही, फक्त राहते इथे.

पहिला निकाल आधीच देते: रेड नको. म्हणजे समोरचा माणूस मुळात रेड पिणारा असेल तर बिनधास्त द्या, त्याच्याबद्दल खाली लिहिलंय. पण आपल्याकडे निम्म्याहून जास्त लोक ज्याला गिफ्ट देतात तो माणूस वर्षातून एखाद-दोनदा वाइन पितो, आणि अशा माणसाला ड्राय, म्हणजे अजिबात गोड नसलेली, शिराझ किंवा कॅबर्ने (दोन्ही रेड वाइनच्या द्राक्षांच्या जाती) दिली की पहिल्या घोटाला चेहरा कसनुसा होतो, मग "छान आहे" म्हणतो आणि ग्लास तसाच राहतो. द्राक्षाच्या सालीतून आणि बियांमधून टॅनिन उतरतं, त्याने जीभ आणि हिरड्या कोरड्या पडतात, तुरट लागतं. सवय झाली की तेच आवडायला लागतं हे खरंय, पण सवय लावायचा मुहूर्त चौदा फेब्रुवारी नको ना. त्यात आपण सोबत काय देतो तर चॉकलेटचा डबा! डार्क चॉकलेटचा कडवटपणा आणि ड्राय रेडचा तुरटपणा एकत्र आले की दोन्ही वाईट लागतात, वाइन आंबट आणि चॉकलेट मातकट. आणि जेवायला जर मटण रस्सा किंवा कोल्हापुरी काही असेल तर टॅनिनने तिखट आणखी झोंबतं. लाल रंग, लाल गुलाब, लाल वाइन हे फोटोत ठीक आहे.

मग काय द्यायचं? माझं उत्तर बरेच वर्षांपासून ठरलेलं आहे, बुडबुड्यांची. स्पार्कलिंग. एक तर बाटली उघडतानाच सोहळा होतो, दुसरं म्हणजे थंडगार प्यायची असल्याने ज्याला वाइन कळत नाही त्यालाही ती आवडते, आणि तिसरं, जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, आपल्या तळणीच्या पदार्थांबरोबर तिच्यासारखी दुसरी वाइन नाही. खारट आणि तळलेलं काहीही घ्या. कोथिंबीर वडी, साबुदाणा वडा, सुरमईची रवा लावून तळलेली तुकडी. तेलकटपणा बुडबुडे आणि आंबटपणा धुऊन टाकतात आणि पुढचा घास पुन्हा पहिल्यासारखा लागतो. आमच्याकडे गरम कोथिंबीर वडी आणि गार ब्रूट (म्हणजे गोड नसलेली स्पार्कलिंग) हे कॉम्बो आता घरचं झालंय, सासूबाईसुद्धा वड्या तळून देतात, बाटलीकडे बघत नाहीत हा भाग वेगळा.

स्पार्कलिंगमध्ये नाशिकची दोन नावं सगळीकडे मिळतात. एक सुलाची ब्रूट. राजीव सामंतांनी नव्वदच्या दशकात गंगापूर धरणाजवळ द्राक्षं लावली आणि २००० साली पहिली वाइन बाजारात आणली, ही गोष्ट नाशिकमधल्या प्रत्येक रिक्षावाल्याला पाठ आहे. ब्रूट हजाराच्या आसपास पडते, सफरचंदी, लिंबूवर्गी चव, चांगली आंबट, घरगुती पार्टीला किंवा पहिल्यांदा स्पार्कलिंग घेणाऱ्याला एकदम ओके. दुसरी शाँदों, म्हणजे फ्रान्सच्या मोएत हेनेसीची दिंडोरीतली वायनरी, २०१३ पासून विकतात. त्यांची ब्रूट आहे आणि रोझे, म्हणजे गुलाबी, आहे. ब्रूटमध्ये शेनिन ब्लांक, शार्दोने आणि पिनो न्वार ही द्राक्षं, रोझेमध्ये शिराझ. दोन्ही बाटल्यांत बुडबुडे आणणारं दुसरं आंबवणं बाटलीतच होतं, शॅम्पेनच्याच पद्धतीने, फक्त फ्रान्सच्या शॅम्पेन भागाबाहेर बनते म्हणून तिला शॅम्पेन म्हणता येत नाही. दुकानदार म्हणेल "मॅडम ही घ्या, इंडियन शॅम्पेन", हसून सोडून द्या.

शाँदोंची रोझे ही माझी नंबर एक व्हॅलेंटाइन बाटली. किंमत दीड हजाराच्या वरच जाते, पण बाटली दिसायला देखणी, रंग गुलाबी, म्हणजे ज्यांना लाल-गुलाबी थीम सोडवत नाही त्यांचीही हौस भागते, आणि चव गोडुस वाटते पण गोड नाही, स्ट्रॉबेरी आणि थोडी डाळिंबासारखी. मी नवऱ्याला दिली होती (हो, बायकासुद्धा देतात, दरवेळी "बायकोसाठी कुठली" असंच का विचारता रे), तो एरवी बिअरवाला माणूस, त्याने अर्धी बाटली स्वतः संपवली. याहून मोठं सर्टिफिकेट मला माहीत नाही. ग्रोव्हर झांपाची स्वारे ब्रूट रोझे पण मस्त आहे, मिळाली तर जरूर घ्या, पण छोट्या गावात शोधत बसावं लागतं.

इथे लेबल वाचायची एक गोम सांगते कारण यात भलेभले फसतात. स्पार्कलिंगवर "ब्रूट" लिहिलं असेल तर साखर लिटरला १२ ग्रॅमच्या खाली. "एक्स्ट्रा ड्राय" लिहिलं असेल तर वाटतं अजून ड्राय असणार, पण ती उलट जास्त गोड, १२ ते १७ ग्रॅम. आणि "डेमी सेक" म्हणजे चांगलीच गोड, ३२ ते ५०. तेव्हा गोड आवडणाऱ्या माणसासाठी एक्स्ट्रा ड्राय पाहून घाबरू नका, आणि ड्राय आवडणाऱ्यासाठी तीच उचलून आणू नका.

आता गोडखाऊ लोकांसाठी. यांची संख्या आपल्यात प्रचंड आहे आणि त्यांना कुणी विचारत नाही, सगळे वाइन एक्स्पर्ट गोड वाइनला नाक मुरडतात. सुलाची लेट हार्वेस्ट शेनिन ब्लांक ही त्यांच्यासाठी. द्राक्षं वेलीवर नेहमीपेक्षा जास्त दिवस ठेवतात, पाणी कमी होतं, साखर वाढते, आणि मग जी वाइन होते ती मधासारखी दाट, पिकलेल्या आंब्याचा वास, पण मागे आंबटपणा असल्याने चिकट वाटत नाही. येते ३७५ मिलीच्या छोट्या बाटलीत, आणि मला वाटतं गिफ्ट म्हणून हाच तिचा सगळ्यात मोठा गुण आहे. गणित बघा ना, ७५० च्या बाटलीत दीडशे मिलीचे पाच ग्लास होतात, दोघांत अडीच-अडीच, ज्याला सवय नाही त्याला दुसऱ्या ग्लासालाच पुरे होतं, मग उरलेली बाटली फ्रिजमध्ये आठवडाभर पडून शेवटी सिंकमध्ये. छोटी बाटली दोघांत संपते. निफाडच्या रेव्हेलोचीही लेट हार्वेस्ट आहे, आणि इगतपुरीजवळ कावनईला व्हॅलोने आहे त्यांची पासरियाज नावाची, जरा शोधावी लागते पण ज्याला वाइनचं वेड आहे अशा माणसाला द्यायला फार भारी.

फक्त गोड वाइनसोबत गोड पदार्थ देताना जपून. पदार्थ वाइनपेक्षा गोड असला की वाइन बेचव आणि आंबट लागते. गाजर हलवा, बासुंदी, गुलाबजाम यांच्यासमोर तिचा टिकाव नाही. मी खारे काजू, थोडं चीज, कापलेला पेरू असं ठेवते. फेब्रुवारीत महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी बाजारात असतेच, ती नुसती, साखर न घालता. चॉकलेट द्यायचंच असेल तर या वाइनबरोबर व्हाइट चॉकलेट जमून जातं. डार्क चॉकलेटच हवं असेल तर मग पोर्ट, म्हणजे गोड रेड, घ्या, गोव्याची साधी गोड पोर्ट पण चालेल, जाणकार नावं ठेवतील पण चॉकलेटबरोबर ती खरंच छान लागते आणि पैसेही फार जात नाहीत.

ज्यांचं बजेट हजाराच्या आत आहे आणि स्पार्कलिंग उघडायची भीती वाटते त्यांना सुलाची झिनफँडेल रोझे. नव्याने पिणाऱ्याला मी डोळे झाकून हीच सांगते. थोडी गोडसर, स्ट्रॉबेरीचा वास, थंड करून प्यायची, पिझ्झा असो की पनीर टिक्का सगळ्याबरोबर चालते. झाकण फिरवून उघडायचं, ओपनर नको. मुरलेल्या पिणाऱ्याला ती साधी वाटेल, त्याला देऊ नका एवढंच.

आणि हो, ज्यांना वाइनच आवडत नाही पण प्रसंग साजरा करायचाय, त्यांच्यासाठी दोन गोष्टी. बोर्डीची हिल झिल, तिथे चिकूपासून फ्रुझान्ते बनवतात, अननस, आंबा वगैरे पण आहेत, हलकी, फसफसणारी, डहाणू-घोलवडचा चिकू खाऊन वाढलेल्या माणसाला ही बाटली दिली तर तो भावूक होतो हे मी प्रत्यक्ष पाहिलंय. दुसरं म्हणजे मीड, मधापासून बनवलेलं. पुण्यात मूनशाइन आहे, नाशिकमध्ये सेराना, योगिनी बुधकर आणि अश्विनी देवरे या दोघींनी काढलेलं, त्यांचं जांभळाचं मीड एकदा प्या. रंग असा की टेबलावर ठेवलं तरी रोमँटिक वाटतं आणि रेडवाल्यांचीही सोय होते.

बरं, रेड. समोरचा माणूस खरंच रेड पितो, ग्लास फिरवून वास घेतो, त्याला वर्ष-बिर्ष (द्राक्षं कुठल्या साली तोडली ते) कळतं, अशा माणसाला अकलूजच्या फ्रातेल्लीची सेत्ते द्या. सोलापूर जिल्ह्यात, उसाच्या पट्ट्यात, मोहिते-पाटील आणि इटालियन भागीदारांनी मिळून उभी केलेली वायनरी, संजोवेझे आणि कॅबर्ने सोव्हिन्यों ही द्राक्षं एकत्र करून सेत्ते बनते. महाग आहे पण देणाऱ्याची इज्जत राहते. त्याखालोखाल सुलाची दिंडोरी रिझर्व्ह शिराझ, मिरीसारखी चव, थोडा लाकडाचा वास, तिखट नसलेल्या मटणाबरोबर सुंदर. नाशिकच्याच यॉर्क वायनरीची आरोस ही रेड पण आवडते मला. (यॉर्क आता सुलाच्याच मालकीची, २०२१ पासून. गंगापूरच्या पाण्याकडे बघत बसायची ती जागा मात्र अजून तशीच छान आहे.) रेडबद्दल एक हात जोडून विनंती: "रूम टेंपरेचरला प्यायची" हे युरोपातल्या थंड खोल्यांचं बोलणं आहे, म्हणजे १६ ते १८ डिग्री. मुंबईत फेब्रुवारीतही दुपारी ३० च्या वर जातं. तीस डिग्रीची रेड म्हणजे नुसता दारूचा भपकारा. प्यायच्या आधी अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा, कुणी हसलं तर हसू द्या.

परदेशी बाटलीचं विचारतात बरेच जण. इंपोर्टेड वाइनवर आपल्याकडे वर्षानुवर्षं १५० टक्के कस्टम ड्यूटी, त्यावर राज्याचा कर, त्यामुळे हजार-दीड हजारात जी परदेशी बाटली मिळते ती तिकडची अगदी सुरुवातीच्या पायरीची असते. ऑस्ट्रेलियाशी करार झाल्यावर डिसेंबर २०२२ पासून तिकडच्या ठरावीक किमतीच्या वरच्या वाइनवरची ड्यूटी टप्प्याटप्प्याने कमी होतेय, म्हणून घ्यायचीच तर सध्या ऑस्ट्रेलियन बघा. पण त्या पैशात नाशिकची वरच्या दर्जाची येते, मी तरी तीच घेईन. घरचं म्हणून म्हणत नाही. बरं घरचं म्हणूनही म्हणते.

आता दुकान. इथे सगळ्यात जास्त पैसे वाया जातात. आपली वाइन शॉप म्हणजे जाळीच्या मागे काउंटर, समोर संध्याकाळची झुंबड, मागून कुणीतरी क्वार्टर मागतंय, अशात तुम्ही "रोझे दाखवा ना, वर्ष कुठलं आहे" विचारलं की दुकानदार तुमच्याकडे असा बघतो की तुम्ही साडीचा पोत विचारताय. तरी विचारा. दुपारी जा, गर्दी नसते. रोझे आणि व्हाइट लवकर संपवायच्या वाइन आहेत, ठेवून सुधारत नाहीत. आपल्याकडे द्राक्षांची तोडणी साधारण जानेवारी ते मार्चमध्ये होते, म्हणजे फेब्रुवारीत विकत घेताना दुकानात मिळणारी सगळ्यात ताजी बाटली मागच्या वर्षाची. त्याहून दोन-तीन वर्षं जुनी रोझे "मॅडम वाइन जेवढी जुनी तेवढी भारी" म्हणून गळ्यात मारतात. एका दुकानातून माझ्या भावाने अशीच आणली होती, वर हार्टचा बॉक्स आणि टेडीचे वेगळे पैसे, आत गुलाबीची पार लासलगावच्या कांद्याच्या सालीसारखी तांबूस झालेली, वास उडालेला. स्पार्कलिंगवर बहुतेकदा वर्ष नसतं, मागच्या लेबलवर भरल्याची तारीख असते ती बघा. शोकेसमध्ये उन्हात किंवा लाइटखाली उभी असलेली बाटली घेऊ नका, आतल्या खोक्यातली मागा. बूच वर आलेलं किंवा फॉइलखाली चिकट लागलं तर ती बाटली उन्हात तापलेली आहे, परत द्या.

गिफ्ट पॅकचं पण तसंच. बॉक्समध्ये दोन ग्लास असतील तर आधी ग्लास बघा, बरेचदा जाड काचेचे, ज्यूसचे असतात. त्यापेक्षा बाटली साधी घ्या, पैठणीच्या उरलेल्या कापडात नाहीतर खणाच्या कापडात गुंडाळा, वर मोगऱ्याचा किंवा गुलाबाचा छोटा गजरा बांधा, दुकानातल्या कुठल्याही लाल खोक्यापेक्षा देखणं दिसतं आणि पन्नास रुपयांत होतं. इंटरनेटवर "होम डिलिव्हरी वाइन शॉप" शोधून मिळालेल्या अनोळखी नंबरवर आधी पैसे मात्र पाठवू नका, यात फसवले गेलेले खूप आहेत.

नाशिकला यायचं जमत असेल तर सरळ वायनरीतून घ्या, हा माझा खरा सल्ला. व्हॅलेंटाइन नेमका तोडणीच्या हंगामात येतो, वेलीवर घड असतात, क्रेट भरून ट्रॅक्टर येत असतात, काही ठिकाणी द्राक्षं पायाने तुडवायला पण देतात, फोटो तर होतातच. टेस्टिंगमध्ये चार-पाच वाइन थोड्या थोड्या चाखायला मिळतात, तुमचं माणूस कुठल्या ग्लासाला दुसऱ्यांदा हात घालतंय ते गुपचूप बघा आणि तीच बाटली घ्या. यापेक्षा पक्की पद्धत नाही. फक्त चौदा तारखेच्या वीकेंडला गंगापूर रोडला येऊ नका, निम्मी मुंबई आणि पाऊण पुणं तिथेच असतं. एक आठवडा आधी किंवा मधल्या वारी या. आणि गाडी चालवणारा वेगळा ठेवा, प्लीज.

उघडण्याबद्दल. स्पार्कलिंग तीन-चार तास फ्रिजमध्ये, ६ ते ८ डिग्री. फ्रीझरमध्ये टाकून विसरलात तर बाटली फुटते. आत पाच-सहा वातावरणाएवढा दाब असतो, त्यामुळे तारेची जाळी सैल केल्यापासून अंगठा बुचावरून काढायचा नाही, बूच घट्ट धरून बाटली फिरवायची, तोंड कुणाकडेही नाही, विशेषतः नवीन टीव्हीकडे नाही. सिनेमात दाखवतात तसा फवारा उडवलात तर दीड हजारातले पाचशे कार्पेटवर. उरली तर स्पार्कलिंगचं वेगळं झाकण मिळतं ते लावून दुसऱ्या दिवशी संपवा, बाटलीच्या तोंडात चमचा अडकवून काही होत नाही. व्हाइट आणि रोझे दोन-तीन दिवस फ्रिजमध्ये टिकतात.

फिरायला जाऊन तिथे द्यायची असेल तर अजून एक-दोन गोष्टी. हॉटेलात ओपनर असेलच असं धरू नका, झाकण फिरवायची बाटली न्या, नाशिकच्या बऱ्याच बाटल्यांना तेच असतं. गोव्याला जात असाल तर इकडून ओझं नेऊ नका, तिथे घ्या. येताना मात्र परमिटशिवाय गोव्याची बाटली महाराष्ट्रात आणणं गुन्हा आहे, सीमेवरच्या इन्सुलीच्या नाक्यावर डिकी उघडायला लावली तर रोमान्स तिथेच संपतो. गुजरातकडे जाताना तर विषयच नको. वर्धा, गडचिरोलीत दारूबंदी आहे. महाराष्ट्रात वाइन आणि बिअरसाठी वय २१ पूर्ण हवं, तेव्हा कॉलेजातल्या पोरांनो, तुम्ही गुलाबावर भागवा. आणि आदल्या दिवशीच आणून ठेवा, चौदाला संध्याकाळी सात वाजता दुकानात थंड स्पार्कलिंग शिल्लक नसते, जी असते ती त्या शोकेसमधली.

कमेंटमध्ये समोरचं माणूस काय खातं-पितं आणि बजेट किती ते लिहा, जमेल तसं सांगते. "रेडच सांग" लिहिणाऱ्यांना उत्तर मिळणार नाही.